अंड्याचा पांढरा बलक आणि हंटबाईंचा कायदा

अध्यापक विद्यालयात मी विज्ञान शिकवायला लागलो त्याला आता पंचवीसहून अधिक वर्षे झाली. डी.एड.चा तो सुगीचा काळ होता. बारावीला चांगले गुण मिळवलेली मुले-मुली प्रवेशासाठी रांगेत उभी असत, कारण डी.एड. झाले की झेडपीची नोकरी, असा घरोघरी हिशेब होता. आरोग्य शिक्षणात व्यसनांवर एक छोटासा घटक असे. मी तो एकाच तासात उरकायचो. तरीही तो तास वर्गाला वर्षभर आठवायचा, कारण त्यात मी एक प्रयोग करून दाखवत असे.

चंचुपात्रात प्रयोगशाळेतले स्पिरिट घ्यायचे आणि त्यात अंड्याचा पांढरा बलक अलगद सोडायचा. पाण्यासारखा पारदर्शक बलक बघता बघता दुधाळ होतो, त्याच्या गुठळ्या होतात. पुढच्या बाकावरच्या मुली तोंडावर हात ठेवायच्या. मग मी सांगायचो, की दारू पिणाऱ्याच्या जठराचे आणि मेंदूचे असेच होते. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचो, 'दारू म्हणजे विष.' तास संपला.

एका वर्षी मागच्या बाकावरून एका मुलीने हात वर केला. "सर, उकळत्या पाण्यात टाकला तरी बलक असाच होतो की. मग चहा प्यायल्यावर पण पोटाचं असंच होतं का?" वर्ग हसला. मीही हसलो आणि हजेरीपट उचलून बाहेर पडलो. तिला मी उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर त्या वेळी माझ्याकडे ते नव्हतेच.

तीच मुलगी तीन वर्षांनी मला भेटायला आली. ऊसतोड कामगारांच्या एका वस्तीवरच्या शाळेत तिची नेमणूक झाली होती. मनातली शंका बाजूला ठेवून तिने चौथीच्या वर्गात माझाच प्रयोग केला होता. शिकवलेले तसेच करायचे असते, असे आम्हीच त्यांच्या अंगवळणी पाडलेले. वर्गातल्या एका मुलाचे वडील रोज पीत. त्या दिवसापासून मुलगा रात्री झोपेना. बापाच्या उशाशी बसून त्याचा श्वास चालू आहे का, ते बघत राही. दिवसा वर्गात पेंगे. आई शाळेत येऊन बाईंवर ओरडून गेली. "सर, मी त्याला काय सांगू?" असे तिने विचारले. या वेळी हजेरीपट उचलून निघून जायला जागा नव्हती.

हा प्रयोग मी शोधलेला नव्हता. मला तो माझ्या सरांनी शिकवला, त्यांना त्यांच्या सरांनी. पुढे मद्यपानविरोधी शिक्षणाचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा कळले, की १८८०च्या दशकात अमेरिकेतल्या शाळांत हेच अंडे फोडले जात होते. आणि ते फोडायला शिक्षक तयार असावेत म्हणून तिथे कायदे झाले होते. त्या कायद्यांमागे मुख्यतः एकच बाई होती. तिच्याविषयी मराठीत फारसे लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

मेरी हंट यांचा जन्म १८३० साली कनेक्टिकट राज्यात झाला. मुलींना विज्ञान शिकवणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी एक मेरीलँड राज्यात होती, पटाप्स्को फिमेल इन्स्टिट्यूट. तिथे त्या शिकल्या आणि तिथेच विज्ञान शिकवूही लागल्या. पुढे लग्न, संसार. मुलगा आल्फ्रेड बोस्टनच्या एमआयटीत रसायनशास्त्र शिकत होता. त्याच्या अभ्यासाच्या निमित्ताने बाईंनी अल्कोहोलच्या गुणधर्मांवर वाचायला सुरुवात केली आणि त्यात त्या गुंतत गेल्या. (हा आल्फ्रेड पुढे अॅल्युमिनियमच्या धंद्यात उतरला. त्याच्या कंपनीचेच नंतर अल्कोआ झाले. म्हणजे जगाला अॅल्युमिनियम आणि शाळांना दारूचा धडा, दोन्ही एकाच घरातून मिळाले म्हणायचे!)

अमेरिकेत तेव्हा दारूविरोधी चळवळ जोरात होती. वुमन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन ही स्त्रियांची संघटना १८७४ साली स्थापन झाली होती. तिच्या बायका गुत्त्यांसमोर बसून प्रार्थना करत, पुरुषांकडून शपथा घेत. हंटबाईंना हे अपुरे वाटले. शपथ घेतलेला पुरुष महिन्याभरात परत गुत्त्यात दिसतो. पण दारू शरीरात काय करते हे पोराला लहानपणीच शिकवले, तर तो मोठेपणी गुत्त्याकडे फिरकणार नाही, आणि मतदार झाल्यावर गुत्ता बंदही करेल. त्यांनी आधी आपल्याच हाइड पार्क गावच्या शाळा समितीला गाठले आणि इंग्लंडमधले डॉक्टर बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन यांचे दारूवरचे पाठ्यपुस्तक तिथे लावून घेतले. १८८० साली संघटनेने या कामासाठी वेगळा विभाग काढला. 'शास्त्रीय मद्यनिषेध शिक्षण' असे त्याचे नाव. हंटबाई त्याच्या प्रमुख झाल्या.

पण त्या शाळा शाळा फिरत बसल्या नाहीत. त्या विधिमंडळात गेल्या. गावोगावच्या बायकांकडून आमदारांना पत्रे, अर्ज, भेटीगाठी, निवडणुकीत आठवण, असा सपाटा लावला. बायकांना मताचा हक्क नव्हता त्या काळात हे चालले होते, हे विसरू नये. १८८२ साली व्हरमाँट राज्याने पहिला कायदा केला. शाळेत शरीरशास्त्र आणि आरोग्य शिकवायचे आणि त्यात दारू व अंमली पदार्थांच्या परिणामांवर खास भर द्यायचा. पाठोपाठ मिशिगन, न्यू हँपशायर, न्यूयॉर्क. १८८६ साली अमेरिकेच्या संसदेनेच राजधानीचा जिल्हा, केंद्राच्या ताब्यातले प्रदेश आणि लष्करी अकादमी यांच्यासाठी तसा कायदा केला. १९०१ साली जॉर्जियाचा कायदा झाला आणि देशात एकही राज्य उरले नाही. लोक त्यांना लॉबीची राणी म्हणू लागले.

शिक्षकांच्या दृष्टीने या कायद्यांतले कलम महत्त्वाचे होते ते वेगळेच. न्यूयॉर्कच्या १८८४च्या कायद्यात आणि १८८६च्या केंद्रीय कायद्यात अट होती, की ठरलेल्या तारखेनंतर दारू व अंमली पदार्थांच्या परिणामांसह शरीरशास्त्राची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय कोणालाही शिक्षकाचे प्रमाणपत्र मिळणार नाही. केंद्रीय कायद्याने १ जानेवारी १८८८ ही तारीख दिली होती. म्हणजे गणित येते, व्याकरण येते, पण अल्कोहोलचा शरीरावरचा परिणाम सांगता येत नाही, तर तुम्ही मास्तर होऊ शकत नाही. भावी शिक्षकांना विषशास्त्र सक्तीने शिकवण्याचा एवढा मोठा प्रयोग त्याआधी झाल्याचे मला तरी माहीत नाही. आमच्या दोन तासांच्या घटकासमोर हे केवढे वाटते!

कल्पना उत्तमच होती. घोडे अडले ते मजकुरात.

शिक्षक परीक्षा देणार ती पुस्तके वाचून, आणि पुस्तक चांगले की वाईट हे ठरवणार हंटबाई. त्यांच्या मान्यतेचा शिक्का नसेल तर स्थानिक बायका ते पुस्तक शाळेत टिकू देत नसत. प्रकाशक धावत त्यांच्याकडे येऊ लागले. प्राथमिकच्या पुस्तकात किमान एक चतुर्थांश जागा दारू-तंबाखूला हवी, असा दंडक होता. दारू हे थोड्या प्रमाणातही विषच आहे, असे स्पष्ट लिहिले पाहिजे. औषध म्हणूनही तिच्याबद्दल बरे बोलायचे नाही. अशा छाननीतून गेलेल्या पुस्तकांत काय काय आले! दारू घशाखाली उतरताना तिथली त्वचा जाळते. बिअर पिणारे बहुतेक लोक जलोदराने मरतात. शिक्षक अंड्याचा बलक गोठवून दाखवत. कुठे वासराचा मेंदू स्पिरिटच्या बरणीत घालून त्याचा गुलाबी रंग राखाडी होताना दाखवत.

ज्यांच्या घरात जेवणाबरोबर बिअर ठेवली जाई, त्या जर्मन स्थलांतरितांच्या मुलांनी हे ऐकले तेव्हा काय झाले असेल, याची कल्पना करा. आजोबा ऐंशीचे आहेत, रोज बिअर पितात आणि शेतात राबतात. एक तर मास्तर खोटे बोलतात, नाही तर आजोबा उद्या मरणार. शहाण्या मुलाने पहिला निष्कर्ष काढला असेल, भित्र्याने दुसरा. माझ्या विद्यार्थिनीच्या वर्गातला मुलगा दुसऱ्या प्रकारचा होता.

विरोध उभा राहिला तो शास्त्रज्ञांकडून. १८९३ साली विद्वानांची एक समिती जमली. तिला पन्नासांची समिती म्हणत. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट, डॉक्टर जॉन बिलिंग्ज अशी मंडळी त्यात होती. शाळेत काय शिकवले जाते याची तपासणी हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ हेन्री बाउडिच आणि क्लार्क विद्यापीठाचे हॉज यांनी केली. १९०३ साली अहवाल आला. मान्यताप्राप्त पुस्तकांतले बरेचसे शिक्षण शास्त्राला धरून नाही, असा त्याचा निर्वाळा होता.

याच समितीत विल्बर अॅटवॉटर होते. हा माणूस मला फार आवडतो. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक आणि दारूविरोधी. अॅटवॉटर नोकरी करत तेही मेथडिस्टांच्याच वेस्लियन विद्यापीठात. त्यांनी माणूस आत राहू शकेल एवढी एक बंद खोली बनवली होती. आत माणूस जेवतो, झोपतो, सायकल मारतो, आणि त्याच्या शरीरातून किती उष्णता निघाली, किती कार्बन डायऑक्साइड निघाला, हे बाहेर मोजले जाते. १८९०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आतल्या माणसाच्या आहारात थोडे अल्कोहोल मिसळले. ते जवळजवळ सगळेच्या सगळे शरीरात जळाले आणि त्यातून ऊर्जा मिळाली. आज आहारशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात सापडते, की एक ग्रॅम अल्कोहोलमधून सुमारे ७ किलोकॅलरी मिळतात. तेव्हा या निष्कर्षाने गहजब झाला. दारू हे विष, आणि हे गृहस्थ म्हणतात की ते इंधन आहे! दारूवाल्यांनी लगेच जाहिराती छापल्या. अॅटवॉटर बिचारे हैराण झाले. दारू प्या असे ते म्हणतच नव्हते. दारूचे तोटे त्यांना मान्यच होते. मुलांना खोटे सांगून नीती शिकवू नका, एवढेच त्यांचे म्हणणे.

हंटबाई मागे हटल्या नाहीत. समितीच्या अहवालाला त्यांनी लांबलचक उत्तर लिहिले आणि १९०४ साली ते सिनेटच्या कागदपत्रांत छापवून घेतले. त्यांची बाजू मी गांभीर्याने घेतो. त्या मूर्ख नव्हत्या, रसायन शिकलेल्या होत्या. त्यांच्यासमोर मार खाणाऱ्या बायका होत्या, आठवड्याचा पगार गुत्त्यात घालवणारे नवरे होते. 'थोडी चालते' असे दहा वर्षांच्या पोराला सांगायचे कसे? थोडी म्हणजे किती, हे कोण ठरवणार? माझ्या फळ्यावरच्या 'विष' या शब्दामागेही हीच भीती होती.

पण विषशास्त्राचा पायाच 'किती' या प्रश्नावर उभा आहे. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने सांगितले, की पदार्थ विष ठरतो तो मात्रेमुळे. त्याच्याही शेकडो वर्षे आधी अरबी भाषेत विषांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले गेले होते. जाबिर इब्न हय्यानच्या नावावर एक आहे, इब्न वहशियाचा एक आहे. इब्न सिनाच्या 'कानून'मध्ये औषधाची ताकद आणि मात्रा यांची चर्चा आहे. आमच्याकडे या नावांचा अभिमान फार, वाचन कमी.

आणि इथे मला कुरआनातली एक गोष्ट राहून राहून आठवते. दारूबाबतचा आदेश एका झटक्यात आलेला नाही, तो टप्प्याटप्प्याने आला. सूरह बकरात दारू आणि जुगाराविषयी विचारणा आहे. तिथे त्यांत लोकांसाठी काही फायदे असल्याचे मान्य केले आहे, आणि मग त्यांतला गुन्हा फायद्यापेक्षा मोठा ठरवला आहे. पुढच्या टप्प्यावर नशेत नमाजजवळ जायला मनाई झाली. शेवटी पूर्ण बंदी. फायदा नाकारण्याची गरज तिथे वाटलेली नाही. मोहल्ल्यातल्या बयानात मात्र हा पहिला टप्पा मी क्वचितच ऐकला आहे. तिथे आम्हीही हंटबाईंच्याच शिक्क्याचे पुस्तक वाचत असतो.

मराठीशी या कहाणीचा धागा पंडिता रमाबाईंमुळे जुळतो. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या १८८६ साली फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथे जवळपास तीन वर्षे राहिल्या. म्हणजे हंटबाईंचे कायदे एकामागून एक मंजूर होत होते, नेमका तोच काळ. रमाबाई तिथे फ्रोबेलची बालशिक्षण पद्धती शिकत होत्या, भारतात शिक्षिका घडवायच्या म्हणून. फ्रान्सिस विलार्ड यांच्याशी त्यांचा स्नेह जमला आणि १८८७ साली त्या टेम्परन्स युनियनच्या कामात ओढल्या गेल्या. परत आल्यावर १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' या मराठी पुस्तकात त्यांनी या संघटनेची ओळख करून दिली. बायकांनी एकत्र येऊन सरकारला कायदा करायला लावता येतो, हे मराठी वाचकाला इतक्या लवकर कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. पुण्यात दारूच्या गुत्त्यांचा प्रश्न त्याआधीच गाजत होता. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी १८८० साली वाढत्या गुत्त्यांविरुद्ध पत्र लिहिले होते. पुढे टिळकांच्या काळात दुकानांसमोर निदर्शने झाली, आणि स्वातंत्र्यानंतर १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. आमच्याकडचा भर कायद्यावर आणि शपथेवर राहिला. शिक्षकाला विषशास्त्र शिकवून तयार करण्याची हंटबाईंची मूळ कल्पना, दोषांसकट का होईना, आमच्याकडे त्या जोमाने आली नाही. आला तो फक्त त्यांच्या काळातला अंड्याचा प्रयोग.

हंटबाई १९०६ साली गेल्या. त्यानंतर एक गोष्ट उघड झाली. आपण या कामाचा पैसा घेत नाही, असे त्या सांगत आल्या होत्या. पण मान्यता दिलेल्या पुस्तकांच्या विक्रीतला वाटा त्यांनीच काढलेल्या एका संस्थेकडे येत होता आणि त्यातून त्यांचे बोस्टनमधले कार्यालय व घर चालत होते. बाईंनी चैन केली असे कोणी म्हणाले नाही. तरी टेम्परन्स युनियनने त्यांच्या कामापासून हळूहळू अंग काढून घेतले. त्यांच्या पुस्तकांवर वाढलेली पिढी मतदार झाली आणि १९२० साली अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी आली. ती का आली याला कारणे अनेक आहेत, सगळे श्रेय शाळेला देता येणार नाही. १९३३ साली ती उठली, तेव्हाही मतदार बरेचसे तेच होते!

अमेरिका यातून शिकली का? १९८३ साली लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी 'डेअर' नावाचा कार्यक्रम काढला. या वेळी शिक्षकाला बाजूला ठेवून गणवेशातला पोलीस वर्गात आणला. कार्यक्रम देशभर पसरला, टीशर्ट निघाले. १९९४ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहणी झाली तेव्हा मुलांच्या वागण्यावर त्याचा परिणाम अगदीच किरकोळ आढळला. २००३ साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेनेही तेच म्हटले. शेवटी त्यांनी २००९च्या सुमारास अभ्यासक्रमच बदलला. संयुक्त राष्ट्रांची अंमली पदार्थविषयक संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी प्रतिबंधासाठी जी आंतरराष्ट्रीय मानके दिली आहेत, त्यांतही नुसती माहिती देणे आणि नुसती भीती घालणे यांचा उपयोग होत नाही, असेच नोंदवले आहे. मुलाला नाही म्हणायला शिकवणे, ताण आला तर कोणाशी बोलायचे हे शिकवणे, शाळेत त्याला कोणीतरी आपले वाटणे, यांचा होतो.

ती विद्यार्थिनी येऊन गेल्यावर मी घटक नव्याने बांधला. अंडे ठेवले, पण सोबत तीन भांडी ठेवली. एकात स्पिरिट, एकात उकळते पाणी, एकात पाणी घालून बिअरइतके सौम्य केलेले स्पिरिट. तिसऱ्यात बलक गोठत नाही. मग विचारायचे, यावरून काय सिद्ध होते आणि काय होत नाही? पहिल्या वर्षी तासभर वाद चालला. मला उत्तरे देता देता घाम फुटला.

२०१५ साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. त्या वर्षी मी मिथेनॉलचा धडा घेतला. मिथेनॉल स्वतः तितके घातक नसते. यकृतात त्याचे आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते, ते डोळ्यांच्या नसेवर हल्ला करते. आणि दवाखान्यात यावर जे उतारे वापरतात त्यांत एक आहे इथेनॉल, म्हणजे आपली नेहमीची दारूच. यकृतातले विकर आधी तिच्यामागे लागते आणि मिथेनॉल न बदलता बाहेर पडायला वेळ मिळतो. हे ऐकून वर्ग गप्प झाला. एका मुलाने विचारले, "सर, मग हे आम्ही पोरांना सांगायचं का?" मी म्हणालो, चौथीच्या पोरांना नको. पण तुम्हाला माहीत हवे. कोणी गावठी पिऊन डोळ्यांपुढे धुके आल्याचे सांगत असेल, तर घरी आणखी दारू पाजायची नाही, लिंबूपाणी देत बसायचे नाही, तडक दवाखाना गाठायचा.

आणखी एक गोष्ट मी आमच्या समाजातल्या प्रशिक्षणार्थींना मुद्दाम सांगत आलो. 'आपल्यात कोणी पीत नाही' हे वाक्य आमच्या घरांत फार सहज बोलले जाते. बहुतेक घरांत ते खरेही असते. पण मालेगावकडे जिला कुत्ता गोळी म्हणतात, त्या अल्प्राझोलमला ना वास ना बाटली. खोकल्याच्या औषधाची बाटली तर कोणाच्याही खिशात असते. नशा आणणारे सारेच हराम, हे फकिहांनी कधीच सांगून ठेवले आहे. तरी मनात चित्र येते ते फक्त शराबचे, आणि गोळी घेणारे पोर बापाच्या नजरेतून सुटते. उघडकीला आल्यावर घरचे काय करतात? गोळ्या हिसकावतात, खोलीत कोंडतात. महिनोन्‌महिने घेतलेली ही गोळी एकदम तोडली तर झटके येऊ शकतात. जुन्या दारुड्याचेही तसेच होते, हात थरथरतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. शिक्षकाला एवढे माहीत असले, तर बापाला तो 'आधी डॉक्टरकडे न्या' एवढे तरी सांगेल.

२०१९ साली केंद्र सरकारने देशभरच्या व्यसनांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातला एक आकडा मी दरवर्षी फळ्यावर लिहायचो. हुंगण्याच्या नशेचे प्रमाण मोठ्यांत ०.५८ टक्के आणि १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त प्रमाण आढळलेला हा एकमेव प्रकार. व्हाइटनर, थिनर, पंक्चरवाल्याचे सोल्यूशन. शाळेच्या दप्तरात आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे. त्यातल्या टोल्युइनसारख्या द्रव्याने पहिल्याच वेळी हृदयाचे ठोके बिघडून मुलगा कोसळू शकतो. यावर हंटबाईंच्या पुस्तकांत काही असण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या पुस्तकातही नव्हते.

ती विद्यार्थिनी अधूनमधून फोन करत असे. त्या मुलाचे तिने पुढे काय केले, हे मी बऱ्याच उशिरा विचारले. तिने त्याला मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन सांगितले होते, की अंड्याचा प्रयोग अर्धाच खरा होता, बाबांचे पोट तसे होत नाही, बाबा आजारी आहेत पण आज रात्री मरणार नाहीत. मुलाने ऐकून घेतले. मग विचारले, "बाई, बाबा पिऊन आल्यावर मी कुठं जाऊ?"

बाईंकडे याचे उत्तर नव्हते. त्या संध्याकाळी त्या वस्तीवर गेल्या आणि शेजारच्या कोपीतल्या म्हातारीशी बोलून आल्या. त्यानंतर वडील पिऊन आले, की मुलगा तिच्याकडे झोपायचा.

आमचे विद्यालय पुढे विद्यार्थी मिळेनात म्हणून बंद पडले. शेवटच्या तुकडीत अकरा जण होते. त्यांच्या टिपणवहीत या घटकाचे पहिले पान मी त्या प्रश्नासाठी ठेवायला लावले. वर प्रश्न लिहायचा. खाली मुलांसाठीचा १०९८ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे दोन क्रमांक लिहायचे. त्याखालची जागा मोकळी सोडायची, ज्या गावात नेमणूक होईल तिथल्या म्हातारीच्या नावासाठी.